पोर परदेशी शिकायला निघाले, तेव्हा...



गावातला मुलगा किंवा मुलगी परदेशच्या विद्यापीठात शिकायला निघाली, की घरापुढे मांडव पडल्यासारखी गर्दी होते. हारतुरे होतात, पेढे वाटले जातात, मारुतीच्या देवळात नारळ फुटतो. अकोटहून अकोला, अकोल्याहून मुंबई आणि तेथून विमान. घरची मंडळी डोळे पुसत परत येतात आणि कामाला लागतात. गावाच्या लेखी गोष्ट तेथे संपते. पण पोराची खरी परीक्षा त्या दिवशी सुरू होते.

प्रवेश मिळणे हे अर्धे काम झाले. अनोळखी देशात, अनोळखी भाषेत, अनोळखी थंडीत रुजणे हे उरलेले अर्धे काम. आपल्या भागात संत्र्याची बाग लावणाऱ्याला हे निराळे सांगायला नको. कलम रोपवाटिकेत कितीही तरारलेले असो, जागा बदलली की आधी पाने टाकते. त्या दिवसांत कोणी त्याला उपटून पाहत नाही, आणि फळ कधी येणार असेही विचारीत नाही. काठीचा आधार द्यायचा, बेताचे पाणी द्यायचे आणि वाट पाहायची. मुलांच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. म्हणून आज या दुसऱ्या अर्ध्या कामाबद्दल बोलू. त्यातला मोठा वाटा तुमच्या हाती आहे.

आपल्या वऱ्हाडची वाट जुनी आहे

परदेशी शिकणे हे शहरातल्या, शिकलेल्या घरांचे काम, असे अजून पुष्कळांना वाटते. पण आपल्या वऱ्हाडातला एक शेतकऱ्याचा मुलगा शंभर वर्षांपूर्वी ही वाट चालून गेला आहे. २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या खेड्यात जन्मलेले पंजाबराव देशमुख १९२० मध्ये विलायतेला गेले. वडील शामरावांनी त्यासाठी जमीन गहाण टाकून पैसा उभा केला, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आहे. एडिंबरोला त्यांनी एम. ए. केले, ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टर झाले आणि १९२६ मध्ये परत आले.

ही नावे आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो. पण एक बारकी गोष्ट भाषणात येत नाही. पंजाबराव पापळहून थेट एडिंबरोला गेले नव्हते. पापळच्या शाळेनंतर चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावती, मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, असे एकेक पाऊल टाकीत ते गेले. घर सोडून राहण्याची, परक्याच्या हातचे जेवण्याची, आपला खर्च आपण सांभाळण्याची सवय त्यांना पायरीपायरीने झाली. तुमच्या घरातले मूल परदेशी जाणार असेल, तर त्याआधी एक-दोन वर्षे त्याला अकोला, अमरावती किंवा पुण्याला वसतिगृहात काढू द्या. जो कधी घराबाहेर एकटा राहिला नाही, त्याने पहिली रात्र सातासमुद्रापलीकडे काढावी, हे धाडस नको.

आपल्या शेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांचीही वाट अशीच खडतर होती. क्रांतिकार्यात पडलेला हा तरुण अमेरिकेत मिळेल ती मजुरी करीत शेतीशास्त्र शिकला, आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक होऊन मक्याच्या वाणांवर काम करू लागला. पाठीशी ना सावकार, ना संस्थान.

पैसा आणि पेरणी एकाच वेळी

इंग्लंड-अमेरिकेतले मुख्य सत्र ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात सुरू होते, जर्मनीत साधारण ऑक्टोबरात. म्हणजे व्हिसासाठी पैसे दाखवण्याची आणि पहिली फी भरण्याची वेळ येते मे ते जुलै या महिन्यांत. शेतकऱ्याच्या घरी हेच महिने सर्वांत कोरडे. असेल तो पैसा बियाणे-खतात गेलेला, सोयाबीन दसऱ्याच्या आसपास निघणार, कापूस दिवाळीनंतर हाती येणार. नेमके या वेळी घाईघाईने सावकाराचे दार ठोठावले जाते. म्हणून हिशेब वर्षभर आधी मांडा. पुढच्या वर्षी मूल जाणार असेल, तर या वर्षीच्या कापसाचा, संत्र्याचा किंवा केळीचा पैसा आताच वेगळ्या खात्यात टाका.

पैसे फक्त असून भागत नाही, ते दाखवावे लागतात. इंग्लंडच्या व्हिसासाठी राहण्याखाण्याची ठरावीक रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. चार दिवसांसाठी पाहुण्याकडून उसने आणून भागत नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नसते किंवा थोडी असते, पण एका वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो धरली गेली. त्यातून मुलाला दरमहा ९९२ युरो काढता येतात, जास्त नाही. असे आकडे बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी त्या देशाच्या वकिलातीकडूनच ताजा आकडा घ्यावा, ऐकीव आकड्यावर जाऊ नये.

कर्जाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. शामरावांनी जमीन गहाण टाकली, तशी आज बँकेत टाकता येईल असे समजू नका. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार नसतात, कारण तारण मालमत्ता कोर्टाची पायरी न चढता ताब्यात घेण्याचा जो अधिकार २००२ च्या कायद्याने बँकांना दिला, तो शेतजमिनीला लागू नाही. बँक घर, बिगरशेती प्लॉट, मुदतठेव किंवा विमा पॉलिसी मागते. साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळण्याची सोय आहे. त्यापुढे सहसा तारण लागते. बँकेने नकार दिला म्हणून सावकाराकडे शेत लिहून देण्याचा मोह होतो. तो टाळा. एक वर्ष उशिरा गेलेले पोर परत जाऊ शकते, गेलेले वावर परत येत नाही.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. मुलाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. त्याच्यापासून लपवू नका.

शिष्यवृत्तीची चौकशी सर्वांत आधी करावी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीय यांच्यासाठीही योजना आहेत. केंद्र सरकारचीही आहे. उत्पन्नाची मर्यादा, विद्यापीठाचा जागतिक क्रम, वय अशा अटी असतात, आणि त्या दरवर्षीच्या जाहिरातीत पाहाव्या लागतात. अकोल्याच्या समाजकल्याण कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. आणखी एक पहा: दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे ना? एका अक्षराच्या फरकापायी माणसे महिनोन्‌महिने हेलपाटे घालतात.

आणि दलालापासून सावध. प्रवेश जुळवून देणाऱ्या एजंटला पुष्कळदा त्या विद्यापीठाकडूनच दलाली मिळत असते, त्यामुळे तो मुलाला सोयीचे नाव सांगेल की स्वतःला, हे तुम्ही ताडावे. जो व्हिसाची किंवा नोकरीची हमी देतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा. व्हिसा देणे न देणे त्या देशाच्या सरकारच्या हाती असते.

बॅगेत काय, आणि हातात काय

आईचा जीव बॅगेत असतो. तूप, पेढे, लोणचे, धपाटे, सगळे द्यावेसे वाटते. पण युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, म्हणजे तूप-पेढे विमानतळावरच जाणार. ऑस्ट्रेलियात तर खाण्याची प्रत्येक वस्तू आधी लिहून जाहीर करावी लागते, लपवली तर दंड होतो. बियाणे, रोपे आणि ताजी फळे बरोबर देऊच नयेत. डाळी-मसाल्यांचे नियम देशागणिक निराळे असतात, ते पाहून द्यावे.

बॅगेपेक्षा हातातली कला टिकते. आपल्याकडे मुलींना स्वयंपाक येतो आणि मुलगे ताटावर बसतात, ही रीत परदेशात पहिल्याच आठवड्यात अंगाशी येते. बाहेरचे जेवण रोज परवडत नाही. म्हणून जाण्याआधी दोन महिने पोराला चुलीपाशी बसवा. वरणभात, पिठले, खिचडी आणि एक सुकी भाजी एवढे आले तरी पुरे. तांदूळ, डाळ आणि बेसन मोठ्या शहरांत भारतीय किंवा पाकिस्तानी दुकानांत मिळते. पण सांगून ठेवा, तेथल्या स्वयंपाकघरात छताला धुराची घंटा असते. मिरचीची फोडणी जोरात दिली, की ती वाजते आणि सगळी इमारत बाहेर येऊन उभी राहते. भांड्यावर झाकण ठेवावे, खिडकी उघडावी, फोडणी मंद आचेवर द्यावी.

खाण्याची आणि थंडीची हेळसांड किती महाग पडते, हे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यातून कळते. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघालेली ही अठरा वर्षांची मुलगी जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर बाईंनी तिला पोटच्या मुलीसारखे सांभाळले. पण पुढे फिलाडेल्फियाच्या कॉलेजात थंडी आणि न मानवणारा आहार यांनी तिची प्रकृती ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे निधन झाले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते, आज आहे. पण आजारपण अंगावर काढण्याची खोड अजून गेलेली नाही. गरम कोट आणि बूट तिकडेच घ्यावेत, तिकडच्या थंडीचे कपडे तिकडेच चांगले मिळतात. आरोग्यविमा आणि डॉक्टरकडे नावनोंदणी पहिल्याच आठवड्यात करावी.

पहिले चाळीस दिवस

पोचल्यावर कामांची रांग लागते: खोली, बँकेचे खाते, फोन, विद्यापीठातली नोंदणी. जर्मनीत तर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत गावच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. खोली न पाहता कोणाला अनामत रक्कम पाठवू नये, यात फसवणूक फार होते. पहिले काही महिने विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम.

पहिल्या जागी मन रमले नाही, म्हणजे सगळे फसले असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. आधी ते विद्यापीठाच्या वसतिगृहात उतरले. तेथले जेवण मानवेना, म्हणून थोड्याच दिवसांत काही भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या एका क्लबात गेले, आणि पुढे दुसऱ्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. ते भथेना त्यांचे जन्माचे स्नेही झाले. एवढ्या थोर माणसालाही जागा शोधत फिरावे लागले. शंभर ओळखी नकोत, एक भरवशाचा सोबती मिळाला की निम्मे ओझे उतरते.

आपल्या लोकांतच राहावे की परक्यांत मिसळावे? दोन्ही करावे. मराठी मंडळात जावे, गणपतीला हजर राहावे, पण खोलीत चौघे मराठी, जेवायला मराठी आणि वर्गातही मराठी, असे झाले तर भाषा सुधारत नाही आणि परदेशी जाण्याचा निम्मा लाभ बुडतो.

उजेडाचीही गोष्ट सांगून ठेवावी. अकोटला पौषातल्या सर्वांत लहान दिवसालाही पावणेअकरा तासांच्या आसपास उजेड असतो. एडिंबरोला डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम सात तासांचा होतो, दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य बुडतो. उन्हातल्या माणसाला हा अंधार मनावर बसतो. झोप बिघडते, उगीच रडू येते, काही करावेसे वाटत नाही. असे झाले तर दिवसा बाहेर पडून चालावे, माणसांत राहावे. तरीही मळभ हटले नाही तर विद्यापीठात मनाची विचारपूस करणारे सल्लागार असतात, त्यांच्याकडे जावे. बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे पडत नाहीत. त्यात कमीपणा नाही.

वर्गातली रीत निराळी

आपल्याकडे गुरुजींपुढे गप्प बसणे हा आदर. तिकडे प्रश्न न विचारणारा विद्यार्थी तयारी करून आला नाही, असे समजतात. प्राध्यापकांना पुष्कळदा नावानेच हाक मारतात, ते उद्धटपणाचे नाही. पहिले काही आठवडे त्यांचे उच्चार कळत नाहीत. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाला वाटते, आपणच मठ्ठ. तसे नसते, कान तयार व्हायला वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र कडक आहे. दुसऱ्याच्या पुस्तकातला मजकूर त्याचे नाव न देता आपला म्हणून लिहिला, तर तो तेथे मोठा गुन्हा मानतात. त्यापायी नापास करतात, काढूनही टाकतात. गाईड पाठ करून उतरवण्याची सवय येथेच सोडून जावी.

कामाचे तास आणि खोटी आशा

‘तिकडे काम करून फी निघते’ असे गावात सर्रास बोलले जाते. ते खरे धरून घर गहाण टाकू नका. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. अमेरिकेतही तेवढेच, आणि पहिल्या वर्षी ते विद्यापीठाच्या आवारात. जर्मनीत २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मुभा आहे. या कमाईतून किराणा आणि खोलीभाड्याला हातभार लागतो, फी निघत नाही. रोखीने, नोंद न करता जास्त तास राबवणारे मालक भेटतात. पकडले गेले तर मालकाचे जे व्हायचे ते होते, पण पोराचा व्हिसा जातो.

आता तुमचे काम

पंजाबरावांच्या काळी पत्र बोटीने जात असे, जायला दोन-तीन आठवडे आणि उत्तर यायला तेवढेच. आज फोनवर तोंड दिसते. पण तोंड दिसले म्हणून मन दिसते असे नाही. पोरगा म्हणतो, "मी मजेत आहो बाबा, काळजी करू नोका." बाप म्हणतो, "इकडंही सगळं बेस आहे." दोघेही खोटे बोलतात. तिकडे तो पेपरात नापास झालेला असतो, इकडे कपाशीवर बोंडअळी पडलेली असते. दोघेही एकमेकांना जपण्यासाठी लपवतात, आणि गोष्ट उघडी पडते तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून निघण्याआधी एका संध्याकाळी आई, बाप आणि मूल यांनी एकत्र बसावे आणि चार गोष्टी ठरवाव्यात.

पहिली, फोनची वेळ. अकोटला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा लंडनला हिवाळ्यात दुपारचे साडेतीन आणि उन्हाळ्यात साडेचार असतात. न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा. दोघांना सोयीची वेळ धरून आठवड्यातून दोनदा निवांत बोलावे. रोज दहादा फोन केला तर मूल तिकडे रुजत नाही, त्याचे मन ओसरीतच राहते.

दुसरी, खरे बोलण्याची मुभा. बापाने स्वतःच्या तोंडाने म्हणावे: "नापास झालास तरी सांग, आजारी पडलास तरी सांग, परत यावेसे वाटले तरी आधी मला सांग. मी रागावणार नाही." आणि मग खरोखरच रागावू नये. घरचेही खरे सांगावे. पीक बुडाले, आजी दवाखान्यात आहे, हे त्याला शेजाऱ्याच्या पोराकडून कळू नये.

तिसरी, पैशाची मर्यादा. घरातून किती आणि केव्हापर्यंत पाठवता येईल, हा आकडा मुलाला माहीत असावा. अडीअडचणीचे परतीचे तिकीट निघेल एवढी रक्कम वेगळी ठेवावी आणि तिला हात लावू नये.

चौथी, गावाला द्यायचे उत्तर. पारावर लोक विचारतात, "किती पगार पडला? मोटार घेतली का?" शिकणाऱ्या मुलाला पगार नसतो, एवढे सांगून विषय बदलावा. मुलीच्या बाबतीत तर लोक आणखी नको ते विचारतात. तेथे आईबापांनी भिंतीसारखे उभे राहावे. गावाच्या तोंडासाठी मुलांवर ओझे टाकू नये.

पंजाबराव परत आले आणि १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आपल्या अकोटचे शिवाजी महाविद्यालय त्याच संस्थेचे. पुढे १९५२ ते १९६२ ते देशाचे कृषिमंत्री होते, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. प्रत्येक मुलाने एवढे मोठे व्हावे, असे आपण म्हणणार नाही. कोणी तिकडेच राहील, कोणी परत येईल, कोणी अर्ध्यातून येईल. अर्ध्यातून आलेल्यालाही घराचे दार उघडे आहे, हे त्याला जाण्याआधीच ठाऊक असावे. ज्याच्या पाठीशी असे घर असते, तो परक्या मातीत लवकर मूळ धरतो. यंदा तुमच्या घरातून कोणी निघणार असेल, तर ही संध्याकाळची बैठक एवढी चुकवू नका.